शित्झूला घेऊन बर्लिनला: चिप, टायटर, बॅग आणि तारखांचं गणित

पर्वती_पायथा
ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून बर्लिनला कायमचं जायचं आहे. सोबत चार वर्षांचा शित्झू जातीचा कुत्रा येणार, वजन ६.२ किलो. त्याला ठेवून जायचा विचार नाही, त्यामुळे कृपया तो सल्ला नको. अँटीरेबीज नोव्हेंबरमध्ये झालं आहे, सेव्हन-इन-वन (सात रोगांची एकत्र लस) वेळेवर आहे, कातडीखालची ओळखीची चिप नाही. आज २८ जानेवारी. मला तीन गोष्टी हव्या आहेत:
कागदपत्रांचा नेमका क्रम काय?
केबिनमध्ये नेता येईल, की होल्डच (विमानाच्या पोटातली सामानाची जागा) घ्यावा लागेल?
आणि कामामुळे मला जुलैतच जावं लागलं, तर आई-बाबा त्याला मागून आणू शकतील का?

दगडीचाळ
क्रम: चिप, रेबीज, रक्त, वाट पाहणं, दाखला, विमान. यात अदलाबदल चालत नाही. बाकीचं जाणकार सांगतीलच.

व्हेट_ठाणे
वरचा क्रम बरोबर आहे, पण प्रत्येक पायरीला अट आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमची नोव्हेंबरची लस युरोपच्या दृष्टीने धरली जाणार नाही, कारण तेव्हा चिप नव्हती. चिप बसवण्याआधी दिलेली लस याच कुत्र्याला दिली हे सिद्ध करता येत नाही, असं त्यामागचं साधं कारण आहे. म्हणून आधी चिप, मग त्याच बैठकीत रेबीजची नवी लस. नोव्हेंबरनंतर इतक्या लवकर पुन्हा लस दिल्याने निरोगी कुत्र्याला धोका नसतो, तरी डॉक्टरांना जुनं बुकलेट दाखवून घ्या.

चिप १५ अंकी हवी, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ प्रमाणातली, १३४.२ किलोहर्ट्झवर वाचली जाणारी. दहा अंकी जुन्या चिपा मिळाल्या तर नको म्हणा, त्या युरोपातल्या साध्या रीडरवर दिसत नाहीत. बसवण्याआधी रिकाम्या पाकिटावर एकदा स्कॅन करायला लावा, बसवल्यावर खांद्यांच्या मध्ये दुसऱ्यांदा. आकडा स्टिकरवरूनच उतरवायचा, ऐकून लिहायचा नाही. एका अंकाची चूक झाली तर पुढचे सगळे कागद वेगळ्या कुत्र्याचे ठरतात.

लसीच्या नोंदीत कंपनी, बॅच नंबर, दिल्याची तारीख आणि वैधता कधीपर्यंत हे चारही हवं. बाटलीवरचं स्टिकर बुकलेटमध्ये चिकटवून घ्या.

मग रक्त, म्हणजे टायटर: रेबीजविरुद्धची अँटीबॉडी किती आहे ते मोजणारी चाचणी. लस दिल्यावर निदान ३० दिवस गेले पाहिजेत. अँटीबॉडी ०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त यायला हवी. आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रिपोर्ट आल्याच्या तारखेपासून नव्हे. भारत युरोपीय संघाच्या सूट असलेल्या देशांच्या यादीत नाही, म्हणून हे तीन महिने आहेत आणि त्यात कुठलीही फी भरून सवलत मिळत नाही.

निमगाव
@व्हेट_ठाणे, मग २ फेब्रुवारीला चिप आणि लस धरली तर ३० दिवस ४ मार्चला पूर्ण. ६ मार्चला रक्त काढलं तर ६ जून उजाडेपर्यंत थांबायचं. म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून रस्ता मोकळा. ऑगस्ट आरामात जमतो.

व्हेट_ठाणे
बरोबर. आणि मधे शिल्लक राहणारे सात-आठ आठवडे वाया नाहीत. टायटर कमी आलं तर पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा तीन महिने, एवढ्यासाठी ती शिल्लक लागते. म्हणून आज-उद्याच चिप बसवा.

आयुष्यात एकच डोस झालेल्या कुत्र्यांचं टायटर बरेचदा कमी येतं. पातळी काही आठवड्यांत वर जाते आणि मग उतरते. पिल्लांना म्हणूनच तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस देऊन, दुसऱ्यानंतर ३० दिवसांनी रक्त काढणं जास्त भरवशाचं. तुमच्या शित्झूला चार वर्षं दरवर्षी लस मिळाली आहे, त्याचं शरीर तयार आहे, एका डोसमध्ये काम व्हायला हरकत नाही.

खडकवासला_वारा
रक्ताचा नमुना कुठे पाठवायचा? पुण्यातल्या लॅबमध्ये टायटर होतं असं ऐकलं.

कागदवाला
इथे बरेच जण अडकतात. लॅब कितीही चांगली असली तरी ती युरोपीय संघाच्या मान्यताप्राप्त लॅबच्या यादीत नसेल, तर रिपोर्ट चालत नाही. फ्रान्समधली नान्सीची आन्सेस आणि अमेरिकेतली कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीची रेबीज लॅब यादीत आहेत. पाठवायच्या दिवशी युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावरची ताजी यादी बघायची, कारण ती बदलते.

पाठवायचं रक्त नव्हे, सिरम. साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ३-४ मिली रक्त घ्यायचं, गोठू द्यायचं, फिरवून सिरम वेगळं करायचं, १ मिलीच्या आसपास मिळालं पाहिजे. ट्यूब जोरात हलवली किंवा वेळेत फिरवली नाही तर लाल पेशी फुटतात आणि सिरम गुलाबी होतं. ही चाचणी जिवंत पेशींवर होते, असं सिरम त्या पेशींनाच मारतं आणि लॅब नमुना परत करते. कुत्र्याला काही तास उपाशी ठेवून रक्त काढलं तर सिरम चरबीने गढूळ होत नाही. ट्यूबवर चिप नंबर, फॉर्मवर तोच चिप नंबर आणि रक्त काढल्याची तारीख. बर्फाच्या पॅकमध्ये, गळणार नाही अशा तिहेरी आवरणात. जैविक नमुने नेणारा कुरिअर आधी ठरवा, साधा कुरिअर विमानतळावर अडकतो आणि पॅक विरघळतो.

आणि रिपोर्ट एकदा पास झाला की रेबीजचा बूस्टर मुदतीत देत राहिलात तर तो पुढेही चालतो. बूस्टर एक दिवस जरी उशिरा झाला तरी ती लस पहिली समजली जाते आणि सगळं मुळापासून. म्हणून मोबाइलमध्ये मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण लावा.

चिंचपोकळी
एवढं करण्यापेक्षा एजंटला दिलं की झालं. डोक्याला ताप कशाला?

कागदवाला
केबिनमधून जाणार असाल तर घरच्या घरी जमतं, माझ्या मते एजंटची गरज नाही. कार्गोने जायचं असेल तर कस्टम्सचं शिपिंग बिल लागतं, कस्टम हाउस एजंट लागतो, क्रेट तपासून घ्यावा लागतो. तिथे एजंट घेतलेला बरा. पण एजंट घेतला तरी चिपचा स्टिकर, लसीची तारीख आणि लॅबचं नाव स्वतः बघा. चुकलं तर भोगतो तो कुत्रा, एजंट नव्हे.

पर्वती_पायथा
कळलं. चिप २ फेब्रुवारीची ठरवली. आता केबिनचं सांगा ना कोणी.

उडान_नाशिक
सांगतो. लुफ्तांझात केबिनमध्ये कुत्रा आणि बॅग मिळून ८ किलो, बॅग ५५ × ४० × २३ सेंमीपर्यंत. केएलएममध्येही ८ किलो, पण बॅग ४६ × २८ × २४. तुमचा ६.२ आणि मऊ कापडी बॅग सव्वा-दीड किलोची धरली तर साडेसात-पावणेआठ. म्हणजे जागा आहे, पण फार नाही. आजपासून खाणं कमी करायची गरज नाही, बॅगच्या खिशात खाऊ आणि बाटली ठेवू नका एवढंच, तेही वजनात येतं. ती हातातल्या दुसऱ्या पिशवीत.

एमिरेट्स आणि कतारच्या केबिनमध्ये पाळीव कुत्रे चालत नाहीत. ती तिकिटं स्वस्त दिसली तरी या कामासाठी नकोत.

तिकिटाचा क्रम: आधी एअरलाइनला फोन करून त्या तारखेला केबिनमध्ये पेटची जागा आहे का विचारायचं (एका विमानात मोजकेच प्राणी घेतात), मग तिकीट काढायचं, लगेच पेट सेवा जोडून घ्यायची आणि पुष्टी ईमेलवर मागायची. ऑनलाइन चेक-इन बहुधा होणार नाही, काउंटरवरच जायचं. आणीबाणीच्या दाराजवळची किंवा भिंतीसमोरची सीट मिळत नाही, कारण बॅग पुढच्या सीटखाली जावी लागते.

दगडीचाळ
२३ सेंमी उंचीत शित्झू उभा राहतो का? खांद्यापाशीच तो २५-२६ असतो.

उडान_नाशिक
मऊ बॅगेचं छत वर ताणलं जातं, दोन-तीन सेंमी मिळतात. झोपून, वळून राहू शकला पाहिजे.

दगडीचाळ
मला हे पटत नाही. एअरलाइनचा नियम उभा राहणं, वळणं आणि झोपणं असा आहे. आठ-नऊ तासांचं विमान, वर विमानतळावरचे चार-पाच तास. नुसतं बॅगेत मावतो म्हणून घालायचं हे कुत्र्यावर अन्याय आहे.

व्हेट_ठाणे
दोघांचं म्हणणं ध्यानात घ्या, पण शित्झूच्या बाबतीत पर्याय काय आहे ते बघा. तो नकट्या नाकाच्या जातींत मोडतो. लुफ्तांझा अशा जाती होल्डमध्ये घेतच नाही, केएलएमचाही नियम तसाच आहे. कारण खरं आहे. कुत्रा घामाने नाही, धापा टाकून अंग थंड करतो. नाकपुड्या अरुंद, टाळू लांब, श्वासनलिका बारीक असेल तर तो मार्ग अपुरा पडतो. उकाडा, भीती आणि आवाज एकत्र आले की घशाला सूज येते आणि श्वास आणखी अडतो. केबिनमध्ये हवा माणसांसारखीच, आणि तुमचा हात बॅगेजवळ. शित्झू, पग, पेकिनीज यांच्यासाठी बॅगेतली थोडी अडचण मी केव्हाही होल्डपेक्षा बरी मानेन. फक्त बॅग पूर्ण ५५ लांबीची घ्या, म्हणजे उभं राहता आलं नाही तरी अंग ताणून झोपता येईल. आणि काउंटरवर अधिकाऱ्याने बॅग लहान म्हटली तर वाद घालू नका. आधीच लांबी-उंचीचे फोटो पाठवून एअरलाइनकडून लेखी घ्या.

दगडीचाळ
हे मान्य. लांब बॅगेचा मुद्दा पटला.

गोव्याचा_पाव
नाक लांब असलेल्यांसाठी होल्डच्या क्रेटचं माप पण येऊ द्या इथे. आमच्याकडे पणजीत इंडी (देशी कुत्री) आहे, ११ किलोची.

कागदवाला
चार मापं घ्यायची, कुत्रा सरळ उभा असताना. अ: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. ब: जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत. क: खांद्यांची रुंदी. ड: जमिनीपासून डोक्याच्या किंवा ताठ कानांच्या टोकापर्यंत, जे उंच असेल ते.

क्रेटची आतली लांबी म्हणजे अ अधिक ब-चा अर्धा भाग. रुंदी म्हणजे क-ची दुप्पट. उंची म्हणजे ड अधिक अंथरुणाची जाडी. समजा अ ६०, ब २४, क १७, ड ५० असेल, तर लांबी ७२, रुंदी ३४, उंची ५० अधिक ३. विकतच्या मापांत वरचं घ्या. नकट्या जातींना कुठे कार्गोत घेतलंच, तर या सगळ्यात दहा टक्के वाढ.

प्लास्टिकच्या क्लिपऐवजी धातूचे नट-बोल्ट, चारही बाजूंना हवेची भोकं, चाकं नकोत. पाण्याची आणि खाण्याची वाटी दाराला आतून अडकवलेली, पण दार न उघडता बाहेरून भरता येईल अशी. दोन वाट्या हव्यातच, उपाशी ठेवायचं असलं तरी. आत शोषून घेणारं पॅड आणि घरातली न धुतलेली चादर. वर "जिवंत प्राणी" आणि वरची बाजू दाखवणारे बाण.

तुमच्या इंडीसाठी मुंबई किंवा बंगळूर, जे सोयीचं पडेल ते. निर्यातीचा सरकारी दाखला देणारी प्राणी क्वारंटाइन आणि प्रमाणपत्र सेवेची, म्हणजे एक्यूसीएसची, कार्यालयं मोजक्या शहरांत आहेत: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद वगैरे.

खडकवासला_वारा
झोपेची गोळी दिली तर बॅगेत शांत बसेल का?

व्हेट_ठाणे
नाही! देऊ नका. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, अंगाचं तापमान सांभाळता येत नाही. नकट्या कुत्र्यात घशाचे स्नायू सैल पडले की श्वास बंद व्हायची भीती. शिवाय गुंगीत दिसला तर काउंटरवर परत पाठवतात.

त्याऐवजी बॅग आजपासून घरात उघडी ठेवा. जेवण बॅगेत. मग दार अर्धं लावून, मग पूर्ण लावून, मग गाडीत. सहा महिने हाताशी आहेत, त्याला बॅग स्वतःची खोली वाटायला लागेल. प्रवासाच्या दिवशी हलकं जेवण निघायच्या चार-सहा तास आधी, पाणी थोडं थोडं चालू. बॅगेच्या तळाशी पॅड, एक सुटं पॅड हातात.

आणखी एक. जाण्याआधी एर्लिकिया आणि बबेसियाची (गोचीडतापाचे जंतू) रक्ततपासणी करून घ्या, जमलं तर पीसीआर. गोचीडतापाचे जुने रुग्ण बाहेरून ठणठणीत दिसतात आणि प्रवासाच्या ताणात उलटतात. आपल्याकडच्या व्हेटला हा ताप दोन मिनिटांत सुचतो, उत्तर जर्मनीतल्या डॉक्टरला तितक्या सहज सुचेलच असं नाही. रिपोर्ट इंग्रजीत सोबत ठेवा. आणि गोचिडाची गोळी जाण्याआधी चालू असावी. आपली तपकिरी गोचीड गरम केलेल्या घरात हिवाळाभर टिकते आणि ती घरातून काढणं महिनोन्‌महिन्यांचं काम आहे.

चिंचपोकळी
शित्झूला आता जर्मनमधलं "सिट्झ" (खाली बस) शिकवायला घ्या. "बस" म्हटलं तर तिकडे तो बसस्टॉपकडे बघेल :)

सातपुडा
दाखल्याबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही अजून. युरोपीय संघाचा ठरावीक नमुन्याचा आरोग्य दाखला असतो. आपल्या डॉक्टरच्या लेटरहेडवरचं फिटनेस सर्टिफिकेट त्याची जागा घेत नाही, ते फक्त आधार. त्यावर एक्यूसीएसचा सरकारी पशुवैद्य सही-शिक्का करतो आणि तिथून दहा दिवसांच्या आत तुम्ही युरोपात पोचलं पाहिजे. म्हणून उड्डाणाच्या सहा-सात दिवस आधीची वेळ घ्या. उशीर झाला तरी हातात दिवस राहतात, विमान पुढे गेलं तरी दाखला मरत नाही.

सोबत न्यायचं: लसीचं बुकलेट, टायटरचा मूळ रिपोर्ट, पासपोर्ट, तिकीट, डॉक्टरचा दाखला (नोंदणी क्रमांकासह), कुत्र्याचे फोटो, आणि कुत्रा स्वतः. अर्ज आधी ऑनलाइन भरायचा.

भाषा: पहिल्यांदा ज्या देशात उतरणार त्या देशाची भाषा आणि इंग्रजी. फ्रँकफर्टमार्गे जात असाल तर जर्मन-इंग्रजी. अॅम्स्टरडॅममार्गे गेलात तर डच-इंग्रजी, मग पुढे बर्लिन असलं तरी. सही छापील शाईपेक्षा वेगळ्या रंगात, प्रत्येक पानावर तोच क्रमांक, खाडाखोड नाही. कार्यालयातून बाहेर पडण्याआधी तिथेच उभं राहून चिपचे १५ अंक मोठ्याने वाचा.

आणि नाव! बुकलेटवर "राजू पाटील" आणि पासपोर्टवर "राजेंद्र विठ्ठल पाटील" असं आपल्याकडे सर्रास असतं. बुकलेट पासपोर्टप्रमाणे करून घ्या, आत्ताच.

पर्वती_पायथा
हे सोन्यासारखं आहे. बुकलेटवर आमच्या सौं.च्या माहेरचं नाव आहे, बदलून घेते... म्हणजे घेतो.

आता आई-बाबांचा प्रश्न राहिला.

सातपुडा
आणता येतं, पण पाच दिवसांची अट आहे. मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, आधी किंवा नंतर. तोवर आई-बाबा तुमच्या वतीने लेखी अधिकारपत्र घेऊन आणू शकतात, तुमच्या तिकिटाची प्रत सोबत. पाच दिवस उलटले की तो प्रवास व्यापारी मानला जातो, नियम कडक होतात, कार्गो आणि सीमेवरची वेगळी तपासणी लागते. तुम्ही जुलैत जाऊन ते ऑगस्टअखेरीस आले तर साध्या मार्गाने होणार नाही. त्यापेक्षा तुम्ही जा, ऑगस्टमध्ये चार दिवसांसाठी परत या आणि त्याला घेऊन जा. तिकिटाचा खर्च कार्गोपेक्षा कमीच येईल.

शिवाय वयाचा विचार करा. सुरक्षा तपासणीत कुत्र्याला बॅगेतून काढून कडेवर घ्यावं लागतं, बॅग एक्स-रेतून जाते. गडबडीत हार्नेसचा पट्टा मनगटात अडकवलेला हवा. सत्तरीच्या माणसांवर हे आणि वर युरोपातली सीमातपासणी टाकणं मला योग्य वाटत नाही.

एडिसनकर
अमेरिकेबद्दल इथेच लिहितो, बरेच मराठी लोक न्यू जर्सीला येतात म्हणून. १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. कुत्रा सहा महिन्यांचा तरी हवा, चिप हवी, सीडीसीचा (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) डॉग इम्पोर्ट फॉर्म. भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत आहे, म्हणून भारतात लस झालेल्या कुत्र्याला सरकारी सहीचा लस आणि चिपचा फॉर्म, सीडीसी-मान्य लॅबचं टायटर, आणि सीडीसीत नोंदलेल्या प्राणी केंद्रात आरक्षण लागतं. टायटर नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन. ही केंद्रं मोजक्या विमानतळांवर आहेत, न्यूयॉर्कचा केनेडी त्यात आहे, न्यू जर्सीचा नेवार्क नाही. मुंबईहून नेवार्कला थेट जायचा मोह इथेच सोडा.

अमेरिकेतून कुत्रा घेऊन सुट्टीला भारतात येणाऱ्यांनी निघण्याआधीच तिकडच्या लसीचा फॉर्म यूएसडीएच्या (अमेरिकेचं कृषी खातं) सहीने करून घ्यावा. परत जाताना सगळं सोपं होतं.

निमगाव
लंडन?

कागदवाला
चिप, लस, ३० दिवस, टायटर, तीन महिने हे युरोपसारखंच. पण ब्रिटनमध्ये विमानाने केबिनमधून पाळीव कुत्रा उतरवता येत नाही, कार्गोच. त्यात पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीचं औषध, प्राझिक्वांटेल, डॉक्टरने देऊन तारीख आणि वेळ लिहिलेली हवी. लहान किंवा नकट्या कुत्र्यासाठी पॅरिस किंवा अॅम्स्टरडॅमपर्यंत केबिन आणि पुढे गाडीने युरोटनेल (समुद्राखालच्या बोगद्यातून गाड्या नेणारी रेल्वे) हा मार्ग लोक घेतात. आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वेलाही कृमीची तीच अट.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला भारतातून थेट नेताच येत नाही, आधी मान्यताप्राप्त तिसऱ्या देशात राहून तयारी करावी लागते. वर ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ मिकलहॅमला क्वारंटाइन.

श्प्रे_काठ
बर्लिनहून. फ्रँकफर्टला लाल मार्गिकेतून जा, हिरव्यातून नाही. कस्टम्सला स्वतःहून सांगायचं, ते चिप वाचतात आणि कागद बघतात. पुढच्या बर्लिनच्या विमानापर्यंत निदान तीन तास ठेवा.

पोचल्यावर पत्त्याची नोंदणी झाली की कुत्र्याचा कर, हुंडेश्टॉयर. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो. थर्ड-पार्टी विमा इथे सक्तीचा आहे, आणि कुत्र्यांच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं. जवळच्या व्हेटकडून युरोपचा पेट पासपोर्ट करून घ्या, मग पॅरिसला जायला पुन्हा दाखला नको. ट्रेनमध्ये बॅगेतला लहान कुत्रा फुकट.

घर शोधताना कुत्रा लपवू नका. छापील करारातली "कुत्रा-मांजर पूर्ण बंदी" ही अट चालत नाही असा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे, पण त्याचा अर्थ मालकाची परवानगी नको असा नव्हे. प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजू बघितल्या जातात. अर्जातच वजन आणि वय लिहा. सहा किलोच्या शित्झूला नाही म्हणणारे कमी.

पर्वती_पायथा
मग ठरलं ते लिहितो, चूक असेल तर सांगा. २ फेब्रुवारीला चिप आणि लगेच लस. ६ मार्चला सिरम, यादीतल्या लॅबला. मधे गोचीडतापाची तपासणी. जूनमध्ये लुफ्तांझाला फोन आणि मग तिकीट, मुंबई-फ्रँकफर्ट-बर्लिन. मी जुलैत जाणार, ऑगस्टमध्ये परत येऊन त्याला नेणार. दाखला उड्डाणाच्या सहा दिवस आधी, मुंबईत.

उडान_नाशिक
फोन जूनपर्यंत थांबवू नका. ऑगस्टची पेटची जागा लवकर भरते. टायटरचा निकाल हातात आला की त्याच आठवड्यात करा.

व्हेट_ठाणे
आणि २ फेब्रुवारीला लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. तोंड सुजलं, उलटी झाली तर तिथेच इलाज होतो. चिपच्या जागी दोन दिवस आंघोळ नको.

सातपुडा
परतीचा प्रवासही पाच दिवसांच्या हिशोबात तुमच्याच नावाने धरला जाईल, कारण तुम्ही त्याच विमानात असाल. अधिकारपत्राची गरज नाही. तरी एक कोरं, सही केलेलं आईकडे ठेवा, ऐनवेळी तुमचं येणं एक-दोन दिवस हललं तर लागेल.